आग्रह कोणाच्या खर्चाने? हॉटेल व्यवस्थापकाच्या पटवण्याविषयी



गव्हाणला यायचं ठरलं तेव्हा आम्ही विषय विचारला. निमंत्रण द्यायला आलेल्या मुलांनी सांगितलं, "सर, हॉटेल मॅनेजरने गिऱ्हाइकाला पटवायचं कसं, यावर बोला." आम्ही जरा दचकलोच. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. हॉटेलाशी आमचा संबंध टेबलाच्या अलीकडच्या बाजूचा. पलीकडे कधी उभे राहिलो नाही. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटलं, पटवणं म्हणजे काय, हे तत्त्वज्ञानातलं सगळ्यात जुनं भांडण आहे. आणि ते भांडण, तुम्हाला गंमत वाटेल, अगदी सुरुवातीपासून स्वयंपाकघराच्या दाराशी चाललेलं आहे. ते पुढे सांगतो.

तुमच्या गावाचं नावही छान आहे. गव्हाण म्हणजे गोठ्यात जनावरापुढे चारा ठेवायची जागा. गावाला हे नाव कसं पडलं ते तुम्ही आम्हाला सांगाल. पण खाऊ घालण्याचा शब्द ज्या गावाच्या नावात आहे, तिथे या विषयावर बोलायला बरं वाटतं. शिवाय निमित्तही आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळावरून विमानं उडायला लागली. आता इथे लॉज होतील, हॉटेलं होतील, खानावळींची रेस्टॉरंट होतील. इथे बसलेल्यांपैकी कोणी रिसेप्शनला उभं आहे, कोणी हॉटेल मॅनेजमेंट शिकतंय, कोणाच्या घरची खानावळ आहे.

आणि तुम्ही पंचाण्णव गावांतली माणसं. १९७० साली सिडको स्थापन झाली. त्यानंतर तुमच्या आजोबांना 'हे तुमच्याच भल्याचं आहे' असं किती जणांनी किती तऱ्हांनी सांगितलं असेल, ते तुम्ही घरी ऐकलं असेल. दि. बा. पाटील उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत पाच जणांनी जीव दिला, तेव्हा साडेबारा टक्क्यांची भाषा सुरू झाली. तेव्हा पटवून घेण्याच्या बाजूला असणं म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही शिकवायची गरज नाही. आता तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहणार आहात. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

सुरुवात पंगतीपासून करू. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत आग्रह असतो. यजमान वाढप्याच्या मागे येतो, "अहो, एक तरी जिलबी घ्या, माझ्यासाठी घ्या." पाहुणा पानावर आडवा हात धरतो, यजमान बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. आता हॉटेलात या. वेटर म्हणतो, "सर, आमची मालपोवा-रबडी घ्याच, स्पेशल आहे, नाही म्हणू नका." शब्द तेच, हसणं तेच, मान तिरकी करणंही तेच. फरक कुठे आहे? पंगतीत आग्रह करणाऱ्याची जिलबी जाते. हॉटेलात आग्रह करून घेणाऱ्याचे पैसे जातात.

आमच्या मते तुमच्या धंद्यातली सगळी नैतिक अडचण या एका फरकात आहे. आतिथ्याची भाषा आपण घरातून उचलली आणि बिलाच्या टेबलावर आणून ठेवली. 'अतिथी' शब्दाची फोड पूर्वापार अशी सांगतात, की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. तुमच्या पाहुण्याची तिथी ठरलेली असते, चेक-इनची वेळ ठरलेली असते आणि ॲडव्हान्स भरलेला असतो. यात वाईट काही नाही. धंदा हा सन्मानाचा व्यवहार आहे. पण धंदा करताना घरच्या आग्रहाची भाषा वापरायची असेल, तर तिचं भाडंही भरावं लागतं.

आता ते जुनं भांडण. प्लेटोचा 'गॉर्जियस' नावाचा संवाद आहे. गॉर्जियस हा वक्तृत्व शिकवणारा नामांकित माणूस. सॉक्रेटिस त्याच्या मंडळींना म्हणतो, की तुमचं वक्तृत्व ही मुळात कलाच नाही, ते स्वयंपाकासारखं आहे. वैद्याला शरीराला हितकर काय ते ठाऊक असतं. स्वयंपाक्याला फक्त जिभेला काय आवडेल ते ठाऊक असतं. लहान मुलांपुढे वैद्य आणि आचारी यांची स्पर्धा लावली तर वैद्य उपाशी मरेल. वक्ता हा न्यायाच्या बाबतीत तसाच आचारी आहे, खुशामत करणारा.

ही टीका तुमच्या धंद्याला दुहेरी लागते, कारण तुम्ही स्वयंपाकही विकता आणि बोलूनही विकता. आम्ही वर्गात हा उतारा शिकवायचो तेव्हा मुलं प्लेटोच्या बाजूने माना डोलवायची. आम्हाला मात्र दरवेळी वाटायचं, हा माणूस कधी नीट जेवला नसावा. चांगल्या आचाऱ्याला पोटाचंही कळतं. कोकम सार जेवणाच्या शेवटी का येतं, हे कोणत्याही सुगरणीला विचारा.

प्लेटोच्या शिष्याने, ॲरिस्टॉटलने, गुरूचं म्हणणं पुरतं मान्य केलं नाही. त्याने पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याची भावना आणि बोलण्यातला युक्तिवाद. तुमच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही त्रयी हमखास असते. पुस्तकात तिघांना सारखी जागा दिलेली असते; ॲरिस्टॉटल मात्र चारित्र्याला जवळजवळ सर्वांत प्रभावी साधन म्हणतो. आपल्याकडे न्यायदर्शनात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने आला आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवावा? 'आप्ता'च्या शब्दावर. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, पण वात्स्यायनाचा आप्त वेगळा आहे. (हा न्यायभाष्यकार वात्स्यायन, दुसरा नव्हे, हसू नका.) ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि भाष्यकार पुढे म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. जात, पदवी, कोट-टाय यांचा संबंध नाही.

आमची एक आप्त सांगतो. अलिबागच्या बाजूला एका घरगुती खानावळीत आम्ही सपत्नीक जेवायला बसलो होतो. आम्ही सुरमई मागितली. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, सुरमई कालची आहे. बांगडा आजचा आहे, तो घ्या." सुरमईचा दर बांगड्याच्या दुपटीहून जास्त होता. त्या एका वाक्याने त्यांचं शेदोनशे रुपयांचं नुकसान झालं. मग त्या म्हणाल्या, "सोलकढी घ्या, आणि खरवस आहे, तो चुकवू नका." आम्ही काही न विचारता दोन्ही घेतलं. घरी न्यायला सुक्या जवळ्याची पुडीही घेतली. त्या दिवसाचं बिल सुरमईच्या बिलापेक्षा जास्त झालं असावं! पण आम्ही हे हिशेबासाठी सांगत नाही. मावशींनी आधी आमच्या हातात नाही म्हणायचं साधन दिलं, मग आग्रह केला. तो आग्रह पंगतीतला झाला, कारण त्याचा खर्च त्यांनी आधीच भरला होता.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या मावशी अशा नसतात, आम्हाला रोज वापरता येईल अशी काही कसोटी द्या. कसोटी कांटकडे आहे. १७९५ साली त्याने शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या हक्कांशी संबंध असलेल्या कृतीमागचं तत्त्व जाहीर करता येत नसेल, तर ती कृती अन्यायाची. तो राज्यकर्त्यांबद्दल बोलत होता. आम्ही ते रिसेप्शनच्या काउंटरवर आणतो. तुम्ही पाहुण्याला जसं पटवलं, ती पद्धत पाटीवर लिहून काउंटरमागे टांगली, तरी पटवणं चालेल का? चालत असेल तर ते पटवणं. पाटी लावताच कोसळत असेल तर ते गळी उतरवणं.

ही कसोटी लावून काही खऱ्या गोष्टी पाहू. हॉटेलच्या न्हाणीघरात एक कार्ड असतं: टॉवेल पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या तीन अमेरिकन संशोधकांनी एका हॉटेलात प्रत्यक्ष प्रयोग केला. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसतं पर्यावरणाचं कार्ड ठेवलं तेव्हा सुमारे ३५ टक्के वेळा टॉवेल पुन्हा वापरला गेला. 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिलं तेव्हा ४४ टक्के. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे वापरतात' असं लिहिलं, तर ४९ टक्के. गंमत पाहा, त्याच खोलीत आधी कोण झोपलं होतं याच्याशी आपलं काय नातं? पण माणूस शेजाऱ्याकडे पाहून वागतो. हे कार्ड कसोटीला उतरतं का? त्यातली माहिती खरी असेल तर उतरतं. पाहुण्याला सांगितलं, की बाबा, इतरांचं उदाहरण देऊन आम्ही तुला प्रवृत्त करतोय, तरी तो रागावणार नाही. पण तुमच्या लॉजमध्ये चारातला एकच पाहुणा टॉवेल वापरत असेल आणि तुम्ही 'बहुतेक' लिहिलंत, तर तेच कार्ड खोटं झालं. कागद तोच, शाई तीच.

दुसरं उदाहरण आम्हाला याहून आवडतं. शिकागोमध्ये गॉर्डन सिंक्लेअर नावाचे रेस्टॉरंटवाले होते. टेबल राखून ठेवायचे आणि लोक यायचेच नाहीत. असे सुमारे ३० टक्के. त्यांची फोनवरची मुलगी सांगायची, "बेत बदलला तर कृपया फोन करा." त्यांनी तिला वाक्य बदलायला लावलं: "बेत बदलला तर फोन कराल ना?" आणि मग उत्तरासाठी थांबायचं. गिऱ्हाईक "हो" म्हणायचं. न येणारे ३० वरून १० टक्क्यांवर आले. चाल्डिनींनी ही हकीकत नोंदवली आहे. ऑस्टिन नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ म्हणे, की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते. 'मी वचन देतो' हे वचनाचं वर्णन नव्हे, ते वचनच. पहिल्या वाक्यात हॉटेल सूचना देत होतं. दुसऱ्यात त्याने गिऱ्हाइकाला वचन द्यायची जागा दिली. आणि हे सगळं पाटीवर लिहून लावलं तरी काही बिघडत नाही. फोनवर बोलणाऱ्या सगळ्यांनी आज एवढं एक जरी घरी नेलं तरी चालेल: विचारा, आणि थांबा. आपल्याकडे थांबणंच राहून जातं.

आता पाटी लावताच कोसळणारी उदाहरणं. 'शेवटची एकच खोली शिल्लक', 'आत्ता ११ जण ही खोली बघत आहेत'. खरोखर एकच खोली असेल तर ही माहिती आहे, पाहुण्यावर उपकार आहे. नसेल तर? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई करणं हा त्यांतलाच. गिऱ्हाइकाच्या यादीत न विचारता वस्तू घुसवणं, 'नाही' म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं, दर सुरुवातीला कमी दाखवून शेवटच्या पायरीला वाढवणं, हेही त्यांत आहे. तुमच्यापैकी जे बुकिंगची वेबसाइट सांभाळतात त्यांनी ही यादी एकदा वाचावी. वाचताना बहुतेकांना आपल्याच पानाची आठवण होईल.

सर्व्हिस चार्जचं प्रकरणही याच जातीचं. जुलै २०२२ मध्ये याच प्राधिकरणाने सांगितलं, की हा आकार बिलात आपोआप लावू नका. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, सक्ती चालणार नाही. त्यावर अपील झालं आहे, तो भाग वकिलांचा. आम्हाला त्यातला शब्दाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. 'सर्व्हिस चार्ज' हे नाव जीएसटीच्या शेजारच्या ओळीत बसलं, की लोकांना तो सरकारी कर वाटतो. कित्येकांनी वर्षानुवर्षं तो तसाच भरला. तिथे कोणी कोणाला पटवलंच नव्हतं. न कळण्यावर चाललेलं होतं. तुमच्या मुलांना चांगला पगार द्यायचा तर दर वाढवा, किंवा 'कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि मागा. मागण्यात कमीपणा नाही.

आमचीही एक फजिती सांगून टाकतो. निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात 'समुद्रदर्शन' खोली घेतली, जास्त पैसे देऊन. खोलीत गेलो, समुद्र कुठे दिसेना. मॅनेजरला बोलावलं. त्याने आम्हाला न्हाणीघरात नेलं, खिडकी उघडली आणि म्हणाला, "सर, इथून डावीकडे वाका." समुद्र होता! तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्याचं विधान सत्य होतं. आम्ही तर्कशास्त्र शिकवत असल्यामुळे आम्हाला वादही घालता येईना. खरं वाक्य बोलून फसवता येतं, हे त्या दिवशी कळलं. म्हणून आप्ताच्या लक्षणात दुसरी अट आहे: जसं जाणलं तसंच पोहोचवायची इच्छा.

आता जरा लेखी बोलण्याकडे वळू, कारण मॅनेजरची खरी परीक्षा तक्रारीच्या उत्तरात होते. समजा रात्री एक वाजता एका खोलीतला एसी बंद पडला. कुटुंबाबरोबर लहान मूल आहे. मेकॅनिक दोनला आला. सकाळी त्यांनी तक्रार लिहिली. आपण उत्तर काय पाठवतो? 'आदरणीय पाहुणे, आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा सेवेची संधी द्यावी.'

यातला 'असल्यास' बघा. मूल रात्रभर रडलं, आणि आपण म्हणतो, झाली असल्यास! मराठीत माफीचा जीव घेणारा याच्याइतका सभ्य शब्द नसेल. आणि 'गैरसोय झाली'. झाली म्हणजे आपोआप झाली, पाऊस झाला तशी. कोणी केली नाही. 'दिलगीर आहोत' यातही करणारा सापडत नाही. संपूर्ण पत्रात एसी हा शब्द नाही. हेच पत्र सूप थंड आलं म्हणूनही पाठवता येतं. लिहिणाऱ्याने तक्रार वाचली नाही, एवढीच एक माहिती त्यातून पाहुण्याला मिळते.

आता असं लिहून पाहू. 'रात्री एक वाजता आपण एसी बंद पडल्याचं कळवलंत. आमचा माणूस पोहोचेपर्यंत दोन वाजले. तो तास आपल्याला लहान मुलासह उकाड्यात काढावा लागला. रात्रपाळीला आम्ही एकच मेकॅनिक ठेवला होता, आणि दुसरी खोली रिकामी असूनही ती आपल्याला देऊ केली नाही. या दोन्ही चुका आमच्या आहेत. त्या रात्रीचं भाडं तीन दिवसांत आपल्या खात्यावर जमा होईल. न झाल्यास मला या नंबरवर थेट फोन करावा. आजपासून रात्रपाळीच्या रिसेप्शनला खोली बदलून देण्याचा अधिकार दिला आहे.' खाली नाव.

या पत्रात एकही गोड शब्द नाही. पण काय घडलं ते आहे, कोणी केलं ते आहे, कधीपर्यंत काय मिळेल ते आहे. ॲरिस्टॉटलची तिन्ही साधनं त्यात आली. मालक म्हणेल, लेखी कबुली कशाला देता? पण एसी बंद होता हे पाहुण्याला आधीच ठाऊक आहे. तुम्ही लपवता ते फक्त तुम्हाला ठाऊक असल्याचं. हां, कोणाला इजा झाली, विषबाधा झाली, तर वकिलाला विचारून लिहावं, हे आम्हीही म्हणू. मात्र तेव्हाही आधी दवाखान्यात जाऊन भेटावं, पत्र नंतर. आणि शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. अधिकार दिला नसेल तर आधी द्या, मग लिहा.

हा अधिकाराचा मुद्दा मोठा आहे. मॅनेजर पाहुण्याशी दिवसातून तासभर बोलत असेल, बाकीचा वेळ तो आपल्या माणसांशी बोलतो, आणि ती माणसं मग पाहुण्याशी बोलतात. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये तुम्ही 'आज प्रत्येक टेबलावर डेझर्ट गेलंच पाहिजे' असं सांगितलंत, तर संध्याकाळी वेटरच्या तोंडून तेच दटावणं बाहेर येणार, फक्त वर 'सर' लावून. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमधल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचवताना आपले प्राण धोक्यात घातले, कित्येकांनी गमावले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी डिसेंबर २०११ मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. हे लोक असे का वागले, याचं एक उत्तर त्यांनी भरतीत शोधलं: कंपनी मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतून मुलं घेते, आणि त्यांना बारा नव्हे, अठरा महिने शिकवते. दुसरं उत्तर असं, की त्यांना सांगितलेलं असतं, तुम्ही कंपनीपुढे पाहुण्याचे वकील आहात. पाहुण्यापुढे कंपनीचे नव्हे. लहान गावच्या गुणांबद्दल ऐकून तुम्हाला बरं वाटेल, पण आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. गावाकडचा मुलगाही चुकीची सूचना मिळाली तर चुकीचंच विकेल. ज्याला पाहुण्याचा वकील म्हणून उभं केलंय, त्याला 'सुरमई कालची आहे' म्हणायची भीती वाटत नाही.

वेळ होत आला. चिठ्ठ्यांमधली एक वाचतो. 'सर, मी एका लॉजला आहे. मालकच सांगतो शेवटची खोली लिही. शेजारचे सगळे तेच लिहितात. मी काय करू?'

प्रामाणिक प्रश्न आहे. नोकरी सोड, असं आम्ही निवृत्तिवेतनावर बसून सांगणार नाही. आधी मालकाला पटवून बघ. हीही पटवण्याचीच परीक्षा आहे, आणि पाटीची कसोटी इथेही लाव, त्याला भिववू नकोस. त्याला ती १३ प्रकारांची यादी दाखव. तक्रार झाली तर नाव त्याचं येईल, हे खरंच आहे, ते सांग. मग एक महिना मागून घे. त्या महिन्यात 'आजच्या तारखेला चार खोल्या शिल्लक' असा खरा आकडा लिही आणि रोज सकाळी बदल. घाई असलेल्या माणसाला चार हा आकडाही पुरेसा लहान असतो. महिन्याअखेर दोन्ही महिन्यांचं बुकिंग शेजारी शेजारी मांड. कमी झालं तर कमी झालं असंच मांड. तिथे तू आकडे फिरवलेस तर आजची सगळी संध्याकाळ वाया गेली. आणि काय झालं ते आम्हाला कळव, खरंच कळव. आम्हाला उत्तर ठाऊक नाही.

कळवशील ना?